डाव्या गालाचं वय

१

बिट्टीने माझ्या काउंटरवर चार ओळखपत्रं पत्त्यांसारखी मांडली आणि म्हणाली, "मावशी, आईने माझं काय करून ठेवलंय ते बघ."

गुरुवारची सकाळ होती. मी संगणकावर एका निवृत्त गृहस्थांच्या कपाळावरच्या आठ्या पुसत होते. गेली एकवीस वर्षं या स्टुडिओत मी हेच करते. फोटो काढायचा, पडद्यावर घ्यायचा आणि मुरूम, डाग, डोळ्यांखालची वर्तुळं साफ करायची. हात आपोआप चालतो. चहा पिताना चालतो, शेजारच्या शिंप्याशी भांडताना चालतो. स्वस्थ बसणं मला जन्मात जमलेलं नाही. ताई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे आणि बोटांना वळवळ. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, आणि बिट्टीची आई.

मी कार्डं बघितली. बिट्टी ज्या काचेच्या कारखान्यात कामाला आहे तिथली, दरवर्षी नवीन मिळणारी. पहिल्या तिन्हींवरचे फोटो मी काढलेले. तिन्हींत गुळगुळीत, टवटवीत, हसरी पोरगी. चौथं कार्ड याच आठवड्यातलं. यंदा त्यांच्या साहेबांनी स्वतःच मोबाइलवर फोटो काढून काम उरकलं होतं, आणि त्या कार्डावर एक चाळिशीची बाई होती. कोरडी त्वचा, गालावर चहा सांडल्यासारखे डाग, डोळ्याच्या कडेला बारीक रेघांचं जाळं, केस पिंजारलेले आणि तांबूस. मी मान वर केली. तीच बाई माझ्यासमोर उभी होती, आणि तिचं वय सव्वीस होतं.

रोज बघणाऱ्याला काही दिसत नाही म्हणतात ते खोटं नाही. ही पोरगी आठवड्यातून दोनदा माझ्याकडे येते. मला वाटायचं दमलीय, जागत असेल, मोबाइल बघत बसत असेल.

"सोमवारी नवी कार्डं आली," बिट्टी म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी जुनी आणि नवी शेजारी ठेवली. गंमत म्हणून. आधी हसलो, मग कोणी हसेना. माझं असं, चष्मिसचं असं, लेफ्टीचं असं. आम्ही तिघंच चिकटवणीच्या खोलीत. गेल्या वर्षीपर्यंत बघ, काही म्हणजे काही नाही. एका वर्षात हे झालं. आणि आईचं क्रीम लावायला लागून आम्हाला दहा महिने झाले."

"म्हणून क्रीम?"

"तारखा बोलतायत मावशी, मी नाही."

तिने पिशवीतून फाइल काढली. थायरॉईड ठीक, रक्तातलं लोह ठीक, बी-ट्वेल्व्ह ठीक. त्वचेच्या डॉक्टरांनी कागदावर 'ऊन?' असं लिहून खोडलं होतं, आणि खाली 'घरगुती क्रीम' लिहून त्याभोवती गोल केला होता.

"हे का खोडलं?"

"त्यांनी विचारलं, उन्हात काम करतेस का. मी म्हटलं, आमच्या खोलीला खिडकीसुद्धा नाही. आठला आत, सहाला बाहेर. मग त्यांनी विचारलं, चेहऱ्याला काय लावतेस?"

क्रीम तपासणीला गेलं होतं आणि निकालाला तीन आठवडे होते. तेवढा धीर कारखान्यात कोणालाच नव्हता. शनिवारी पाच वाजता साहेबांच्या केबिनमध्ये ताईने एका माफीपत्रावर सही करायची होती, की हे सगळं माझ्या क्रीममुळे झालं. सही केली तर प्रकरण तिथेच मिटणार. नाही केली तर पोलिसांत तक्रार.

"तक्रार कोणाची?"

"आमच्या तिघांची. अर्ज तयार आहे." बिट्टीने कार्डं गोळा केली. "पहिली सही माझी आहे."

२

मी शटर अर्धं ओढलं आणि तरातरा ताईकडे गेले. ती स्वयंपाकघरात क्रीमच्या रिकाम्या डब्या घासत होती. चकचकीत होत्या त्याही घासत होती.

"आलीस? बस."

मी बसले नाही. "सही करू नकोस."

"करून टाकते. कटकट मिटेल."

"कटकट मिटेल? गावभर बोभाटा होईल, की पोटच्या पोरीच्या तोंडाला विष फासलं! ताई, तुझ्या क्रीममध्ये आहे तरी काय?"

"एकवीस वनस्पती," ती भिंतीकडे बघत म्हणाली. तिथे फळीवर एकवीस बरण्या ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीवर तिच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी. कारखान्यातल्या बायका खास ही फळी बघायला यायच्या. माझी बोटं वळवळलीच. मी एक बरणी उचलली, धूळ पुसली आणि झाकण फिरवलं. हलेना. दुसरी घेतली, तीही हलेना. तिसरीच्या झाकणाला तर दुकानाची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

"ताई, या बरण्या शेवटच्या कधी उघडल्यास?"

नळ वाहत राहिला. मीच तो बंद केला.

"त्या बघायला आहेत," ताई म्हणाली. "क्रीममध्ये मेण असतं, तेल असतं आणि गुलाबाचा वास. तुझ्या टाचांना थंडीत लावते ना, तेच. त्यात काही नाही गं. कधीच नव्हतं."

मला आधी हसू आलं आणि मग संताप आला. "मग हे सांग ना सगळ्यांना! सही कसली करतेस?"

"काय सांगू?" तिने हात पदराला पुसले. "जन्मभर मी कोण होते? याची बायको, त्याची सून, हिची आई. दहा महिन्यांपूर्वी पहिल्यांदा कोणी म्हणालं, काकू, तुमच्या हाताला गुण आहे. बाहेर रांग लागायची माझ्यासाठी. आता विष घातलं म्हणाले तर निदान औषध जालीम होतं असं तरी म्हणतील. मेण विकत होती म्हणाले तर मी कोण उरले?"

"आणि बिट्टी?"

तिथे मात्र तिचा चेहरा पडला. "बिट्टीला सांगितलं मी खरं. म्हणाली, आता अंगाशी आल्यावर काहीही सांगशील. मंगळवारपासून मैत्रिणीकडे राहतेय. काल फोन केला तर मला 'तुम्ही' म्हणाली. 'तुम्ही जेवून घ्या' म्हणाली." ताई पुन्हा डबी घासायला लागली. "मी सही केली की तिचा राग तरी निवेल. मग येईल घरी."

येणार नव्हती. मी बिट्टीला जन्मापासून ओळखते. कागदावर ताईची सही झाली की त्या पोरीच्या डोक्यात ती गोष्ट आयुष्यभरासाठी पक्की होणार होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर संन्यासी स्वतःच दोर घेऊन निघाला होता.

३

शुक्रवारी सकाळी मी कॅमेरा गळ्यात अडकवून कारखान्यात हजर झाले. साहेबांना म्हटलं, "मोबाइलचे फोटो कार्डावर बरे दिसत नाहीत, पुन्हा काढून देते." साहेब माणूस वाईट नाही. चाळिशीचा, सतत हातातल्या किल्ल्या वाजवणारा. म्हणाला, "काढा बाई, पण लवकर. माझं डोकं ठिकाणावर नाही. तीन पोरं माझ्या छपराखाली म्हातारी झालीत."

आधी मी पॅकिंगच्या हॉलमध्ये गेले. तिथे गोलू होता. चोवीस वर्षांचा, गाल सफरचंदासारखे.

"तू लावायचास का काकूंचं क्रीम?"

"मी?" गोलू खूश झाला. "दिवसातून तीनदा! केसांना पण. बुटांनासुद्धा लावून बघितलं, मस्त चमकतात."

"आणि तुला काही झालं नाही?"

"साहेब म्हणतात, प्रत्येकाला सोसतं असं नाही. मला सोसलं असेल."

"पाणी कुठलं पिता सगळे?"

"एकच टाकी. फोरमनकाकासुद्धा तेच पितात." गोलूने डबा पुढे ओढला. डब्याखाली नारिंगी रंगाची, आरपार दिसणारी, जाड प्लास्टिकची पाटी होती. तशाच आणखी दोन भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी विचारलं तर म्हणाला, "चिकटवणीतला जुना माल. फेकून देणार होते, मी ठेवून घेतला."

चिकटवणीची खोली फोरमनने दाखवली. पंचावन्नचा माणूस, तीस वर्षं काचेत काढलेली. खरंच खिडकी नव्हती. तीन टेबलं, प्रत्येक टेबलावर एका बाजूला वाकवता येणाऱ्या दांडीचा दिवा, जांभळट उजेडाचा. इथे काचेच्या पेट्या आणि शोभेचे दिवे जोडतात. उजव्या हाताने तुकडा बसवायचा, डाव्या हाताने दिवा जवळ ओढायचा आणि अर्धा मिनिट धरायचा. त्या उजेडाने गोंद दगडासारखा होतो. असे दिवसाला दोन-दोनशे तुकडे.

"गोंदाचा वास?"

"पंखा ओढून घेतो. बघा, येतोय का?" वास येत नव्हता. "हातात मोजे. अंगात पूर्ण बाह्यांचा एप्रन. आणि दिवा आणि तोंडाच्या मधे ही." त्याने दिव्याला अडकवलेल्या पारदर्शक काचेवर टिचकी मारली. चांगली बोटभर जाड काच. "आम्ही काचेची माणसं, बाई. मधे काच असली की आम्हाला चिंता नाही. एवढ्या वर्षांत इथे एकाची कातडी साधी लाल झालेली नाही."

"तुम्ही कुठे बसता?"

"मी दाराशी. रजिस्टर असतं माझ्याकडे."

चष्मिसला मी सगळ्यात आधी बसवलं. खरं तर तिला चष्म्याशिवाय कोणी कधी बघितलेलंच नाही. फोटोसाठी तिने तो काढला आणि मी दचकले. डोळ्यांभोवती, बरोबर चष्म्याच्या आकाराची, तेवढीच त्वचा कोवळी होती. बाकी डावा गाल डागाळलेला, सुरकुतलेला.

"इथे काही झालं नाही?"

"क्रीम डोळ्यांना झोंबेल म्हणून तिथे लावत नव्हते," ती म्हणाली. "म्हणजे बघा. जिथे क्रीम नाही, तिथे मी शाबूत."

 ताईच्या विरुद्ध याहून चांगला पुरावा मी स्वतःसुद्धा शोधू शकले नसते.

मग बिट्टी बसली. ती माझ्याशी बोलली नाही, कॅमेऱ्याशी बोलावं तसं सरळ बघत राहिली. तिचा डावा गाल थकलेला होता, उजवा तसा बरा होता. वेणीत खालचे केस काळेभोर होते आणि डावीकडचे वरचे तांबूस होऊन तुटलेले. निळ्या एप्रनची डावी बाही धुवून धुवून गेल्यासारखी फिकी पडली होती, उजवी निळीच होती.

शेवटी लेफ्टी. अठ्ठावीस वर्षांचा, बडबड्या. "फोटो काढा मावशी, पण माझ्या बाबांचा म्हणून लावू नका." मी हसले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच खाली घेतला.

"तू क्रीम एकाच गालाला लावायचास का रे?"

"काहीतरीच काय! तोंडाला लावतात तसं लावायचो."

पण त्याचा डावा गाल ठीक होता. रेघा, डाग, तांबूस केस, फिकी बाही, सगळं उजवीकडे होतं.

४

स्टुडिओत परत आले आणि येरझाऱ्या घालायला लागले. शेजारचा शिंपी डोकावून म्हणाला, "बाई, जमीन झिजेल." मी त्याच्यावर खेकसले.

क्रीमला डावं-उजवं कळत नाही. टाकीतल्या पाण्याला कळत नाही. गोंदाच्या वाफेलाही कळत नाही, ती खोलीभर पसरते. थायरॉईड, रक्त, जागरण, काळजी, यांतलं काहीच माणसाला अर्धं म्हातारं करत नाही. जे एका बाजूने येतं तेच एका बाजूला लागतं. बिट्टी आणि चष्मिसच्या डावीकडे दिवा होता. आणि लेफ्टी डावखुरा. नावच पडलंय त्याचं. त्याचं टेबल उलटं लावलेलं असणार, दिवा उजवीकडे. मी फोरमनला फोन करून विचारलं. तो म्हणाला, हो, पहिल्या दिवसापासून.

चष्मिसचे डोळे क्रीम नव्हतं म्हणून वाचले नव्हते. चष्मा होता म्हणून वाचले होते. डॉक्टरांनी पहिलं लिहिलं तेच खरं होतं: ऊन. फक्त ते आकाशातून येत नव्हतं.

पण मग ती बोटभर जाड काच? फोरमन खोटं बोलत नव्हता, कोणाची कातडी कधी लाल झाली नव्हती. मी चरफडत दाराशी गेले आणि शोकेसपाशी थांबले. तिथे एका लहान मुलाचा मोठा फोटो लावलाय. दरवर्षी मी तो नवीन छापून लावते, कारण वर्षभरात त्याचे लाल गाल उडून पिवळे पडतात. फोटो काचेच्या आत असतो. एकवीस वर्षं तो माझ्या नाकासमोर काचेआड उडतोय. काचवाल्यांना काच काय थांबवते ते माहीत होतं. काय थांबवत नाही ते फोटोवाल्यांना माहीत असतं.

मी बिट्टीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. अतिनील किरणांत दोन जाती. एक जाळते, ती साध्या काचेत अडते. दुसरी जाळत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. ती काचेतून येते, खोल जाते आणि त्वचा म्हातारी करते. केसांचा रंगही उडवते. हल्लीची चष्म्याची प्लास्टिकची भिंगं तिला अडवतात, साधी काच नाही. पण हे महिन्या-दोन महिन्यांत होत नाही हां. दोन-तीन वर्षं लागतात."

मी फोन ठेवला आणि माझा आनंद तिथेच मावळला. दोन-तीन वर्षं? पण कार्डं तर उलटं सांगत होती. गेल्या वर्षीचं कार्ड गुळगुळीत, त्याच्या आदल्या वर्षीचं गुळगुळीत. बिघाड एका वर्षातला, क्रीम दहा महिन्यांचं. साहेब तेच म्हणणार. दिव्याचं सगळं गणित त्या कार्डांवर येऊन आपटत होतं.

मी पडद्यासमोर बसले. विचार करताना हाताला चाळा म्हणून मी सकाळी काढलेला बिट्टीचा फोटो उघडला. काही वेळाने बघते तर तिच्या डाव्या डोळ्याजवळच्या तीन रेघा गेल्या होत्या. मीच पुसल्या होत्या. मला आठवतही नव्हतं.

मी माउस सोडून दिला.

ओळखपत्राच्या फोटोला हात लावायचा नाही, असा नियम आहे. तो मी स्वतः टाइप करून माझ्याच भिंतीवर चिकटवलाय. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी खालच्या कपाटातून जुनी डिस्क काढली. न पुसलेले मूळ फोटो मी कधीच फेकत नाही. दोन वर्षांपूर्वीची बिट्टी उघडली. चोवीस वर्षांची. डाव्या डोळ्याच्या कडेला तीन रेघा, गालावर एक फिकट डाग.

आणि मला तो दिवस आठवला. मला वाटलं होतं, पोरगी दमलेली दिसतेय. वाटलं होतं आणि मी पुसलं होतं.

५

शनिवारी पाच वाजता केबिनमध्ये सगळे उभे होते. ताई इस्त्रीची साडी नेसून आली होती, सही करायला. बिट्टी दाराशी, आईपासून जितकं लांब राहता येईल तितकी लांब. माफीपत्र टेबलावर, पांढरंशुभ्र.

"सही करायच्या आधी," मी म्हटलं, "हा कागद पाच मिनिटं द्या. आणि गोलूच्या डब्याखालची पाटी आणा."

साहेबांनी किल्ल्या वाजवायच्या थांबवल्या. आम्ही चिकटवणीच्या खोलीत गेलो. मी फोरमनला खोलीचे दिवे घालवायला सांगितले आणि बिट्टीच्या टेबलावरचा जांभळा दिवा लावला. माफीपत्र मी त्या जाड काचेच्या अलीकडे धरलं, जिथे बिट्टीचा गाल असतो तिथे. कागद निळसर पांढरा लखलखला.

"हे ते किरण. पांढऱ्या कागदावर पडले की तो असा चमकतो. काचेतून आरपार येतायत." मग मी काचेच्या जागी नारिंगी पाटी धरली. कागद विझला. "आणि हे त्यांना अडवतं. फोरमन, ही पाटी इथून कोणी काढली?"

फोरमन पुढे आला. "मी. दिव्यांबरोबर आल्या होत्या या. पण नारिंगीतून रंग कळेना. पिवळसर काच पांढऱ्याला चिकटायची, माल परत यायला लागला. मी म्हटलं, आपल्याकडे काचेला काय तोटा? जाड काच लावू. जाड असली की झालं." त्याने खाली बसून घेतलं. "तीन वर्षं झाली."

मी त्यांना गालांचं सांगितलं, लेफ्टीच्या उलट्या टेबलाचं, चष्म्याचं, बाह्यांचं, डॉक्टरांचं. लेफ्टीने आपला उजवा गाल चाचपला आणि पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही.

"पटतंय," साहेब म्हणाले, "पण पूर्ण नाही. दिवे तीन वर्षं आहेत. मग गेल्या वर्षीपर्यंत चेहरे ठीक कसे? कार्डं समोर आहेत. बिघाड क्रीमनंतरचाच आहे."

"कार्डं खोटी आहेत," मी म्हटलं.

मी पिशवीतून छापून आणलेले फोटो काढले आणि टेबलावर ठेवले. तिघांचे, प्रत्येक वर्षाचे, मूळ. पहिल्या वर्षी स्वच्छ. दुसऱ्या वर्षी एका गालावर रेघा. तिसऱ्या वर्षी डाग, विरळ केस. आणि तिसरा फोटो काढला तेव्हा ताईने क्रीमची पहिली डबीही भरली नव्हती.

"मी पुसायचे," मी म्हटलं.  "नियमात बसत नाही, कोणी सांगितलंही नव्हतं. सवय म्हणून पुसायचे. यंदा फोटो तुम्ही काढलेत साहेब, म्हणून तिघं एकदम म्हातारी दिसली. ती हळूहळू होत होती. ते तुम्हाला दिसू नये अशी व्यवस्था मीच केली होती."

साहेबांनी माफीपत्र माझ्या हातातून घेतलं आणि त्याचे चार तुकडे केले. मग फोरमनला म्हणाले, "पहिलं ते दिवे बंद करा." मला म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षीपासून कार्डांचं काम दुसरीकडे देईन." मी मान हलवली. 

६

चष्मिसने ताईचे दोन्ही हात धरले. "काकू, माफ करा हो आम्हाला. आणि आता परत क्रीम द्याल ना? मी दुप्पट लावीन. जाईल ना हे सगळं?"

ताईने माझ्याकडे बघितलं. ती सुटली होती. तपासणीचा निकाल आला तरी त्यात मेण आणि तेलच निघणार होतं, आणि ती हसून म्हणू शकली असती, वनस्पती कागदावर थोड्याच दिसतात? रांग पुन्हा लागली असती, पहिल्याहून लांब.

"नाही गं पोरी," ताई म्हणाली. "त्यात मेण आहे, तेल आहे आणि गुलाबाचा वास आहे. एकवीस वनस्पती वगैरे काही नाही. मी खोटं सांगत होते. तू डॉक्टरांकडे जा."

 गोलू तेवढा हळूच म्हणाला, "बुटांना मात्र बरं आहे." ताईला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. तेव्हा बिट्टी दारापासून निघाली. तिने आईच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"चल आई. जेवली आहेस का तू?"

फाटकापर्यंत मी त्यांच्या मागोमाग गेले. डॉक्टर काय म्हणाले ते मी बिट्टीला सांगितलं. केस नवे येतील, काळे येतील. डाग बरेचसे फिके होतील, वेळ लागेल. रेघा राहतील.

"राहतील?"

"राहतील."

तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग माझ्याकडे वळली. "मावशी, तू दोन वर्षांपूर्वीच बघितलं होतंस. माझ्या तोंडावर. तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं गं," मी म्हटलं. "म्हणून तर पुसलं."

"पुसायच्या आधी एकदा विचारायचं होतंस," बिट्टी म्हणाली. "'बिट्टे, तुला काय होतंय?' एवढंच."

 त्या दोघी चालायला लागल्या आणि मी, जिला जन्मात एका जागी उभं राहता आलं नाही, तिथेच उभी राहिले.